जुनी मोटरसायकल घेताय? आधी बिलं वाचा

म्हापशात किंवा मडगावात जुनी मोटरसायकल बघायला गेलात, तर गाडी सुरू करण्याआधी सर्व्हिसिंगची सगळी बिलं मागून घ्या. बिलावर तारीख असते आणि बहुतेकदा किलोमीटरही. दोन्ही ओळीने लिहून काढा. किलोमीटरचा आकडा मध्येच मागे गेला, तर मीटरला हात लागलेला असू शकतो. समाधानकारक खुलासा मिळाला नाही तर सौदा सोडा. लांब खंड दिसला तर त्या काळात ऑइल बदललं होतं का, हे विचाराच. एकच तक्रार पुन्हा पुन्हा लिहिलेली असेल, तर मूळ दोष तसाच राहिलाय असं समजा.

आपल्या गोव्यात आणखी एक चौकशी हवीच: गाडी पूर्वी काळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची होती का? हंगामात रोज वेगळा हात, त्यात क्लच आणि गिअरचे फार हाल होतात. अशा गाडीला फिटनेस तपासणी लागते. ती जुनी प्रमाणपत्रं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), विमा सरकारच्या एमपरिवहन ॲपवर पडताळा. पीयूसी ताजं असलं तरी ती फक्त धुराची चाचणी. ब्रेक मात्र मेकॅनिककडूनच तपासून घ्या.