पुण्यातून ऑस्ट्रेलियाला कायमचं जायचंय? आधी पुण्यातले कागद काढा

ऑस्ट्रेलिया म्हटलं की इंग्रजी बोलतात, क्रिकेट खेळतात, गाडी डावीकडून चालवतात, मग आपल्याला काय अवघड जाणारे, असं म्हणत लोक सुरुवात करतात, आणि ते चूकही नाहीये. पण हा सारखेपणा कामाला येतो तो तिथं उतरल्यावर, त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष मात्र पुण्यातच जातं, विद्यापीठ, एचआर, नोटरी, पासपोर्ट सेवा केंद्र असं फिरण्यात. ताई आणि जिजाजी मेलबर्नला गेले तेव्हा इकडची बरीच पळापळ माझ्याकडे होती आणि तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतच असतं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय.

ऑस्ट्रेलियाच का, तर यूकेला स्पॉन्सर करणारी कंपनी लागते, आयर्लंडला वर्क परमिट, न्यूझीलंडच्या स्किल्ड मायग्रंटलाही आता नोकरी किंवा जॉब ऑफर लागते. हातात नोकरी नसताना थेट पीआर (तिथं कायमचं राहण्याचा परवाना) घेऊन जाता येतं असे देश म्हणजे मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया, आणि कॅनडाची थंडी सगळ्यांना झेपत नाही. बाकी कुठला देश चांगला यावर कट्ट्यावर रात्रभर वाद घाला, अर्जाला त्याचा उपयोग नाही.

पहिलं काम म्हणजे तुमचं काम तिथल्या ऑक्युपेशन लिस्टमध्ये, म्हणजे व्हिसा मिळू शकणाऱ्या कामांच्या यादीत, आहे का ते होम अफेअर्स या तिथल्या व्हिसा देणाऱ्या खात्याच्या साइटवर बघणं. व्हिसे तीन, १८९ म्हणजे कुणाच्याही स्पॉन्सरशिपशिवाय, १९० म्हणजे एखाद्या राज्याने नॉमिनेट केलेला, आणि ४९१ म्हणजे रीजनल भागात राहण्याच्या अटीवर पाच वर्षांचा, ज्यावर तीन वर्षांनी अटी पूर्ण केल्या की पीआर मागता येतो. राज्याच्या नॉमिनेशनचे १९० ला ५ पॉइंट मिळतात, ४९१ ला १५. इन्व्हिटेशन, म्हणजे व्हिसाचा अर्ज करायचं बोलावणं, येताना वय ४५ च्या आत हवं.

आता पॉइंट, म्हणजे वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव यांचे मिळून होणारे गुण. किमान ६५ लागतात पण ६५ वर फक्त रांगेत उभं राहता येतं, आयटी-इंजिनिअरिंगवाल्यांना बोलावणं बरंच वर येतं. समजा वय ३१ (३० पॉइंट), बीई (१५), इंग्रजी सुपीरियर (२०), मोजला गेलेला अनुभव पाच वर्षं (१०), बायकोचंही स्किल असेसमेंट, म्हणजे शिक्षण-अनुभवाची तिकडच्या संस्थेकडून तपासणी, झालंय (१०), आणि मराठीचे ५, झाले ९०. हो, मराठीचे! नाटी या तिथल्या भाषांतरकारांच्या संस्थेची सीसीएल नावाची परीक्षा असते, दोन संवाद ऐकवतात, एक बाजू इंग्रजी आणि एक मराठी, तुम्ही मधे बसून तोंडी भाषांतर करायचं, ९० पैकी ६३ ला पास. आपलीच भाषा म्हणून तयारी न करता बसू नका, कारण त्यात कोर्ट, दवाखाना, विमा, सरकारी मदत असले विषय येतात आणि आपण रोज बोलतो ते अर्धं इंग्रजी मराठी तिथं चालत नाही. आणि वयाचं एक लक्षात ठेवा, ३३ वा वाढदिवस झाला की ३० चे २५ होतात, ४० झाला की १५, त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य चांगलंच महाग पडतं.

इंग्रजीची परीक्षा सगळ्यांनाच द्यावी लागते, बालवाडीपासून इंग्लिश मीडियम असलं तरी, भारतीय पासपोर्टला त्यात सूट नाही. आयईएलटीएस किंवा पीटीई, दोन्ही पुण्यात देता येतात. आयईएलटीएसमध्ये चारही भागांत ८ आले तर २० पॉइंट, ७ आले तर १०, आणि नुसते ६ असतील तर अर्ज करता येतो पण पॉइंट शून्य. पीटीई कॉम्प्युटरवर असते, हॉलमधे सगळे एकाच वेळी माइकमधे बोलत असतात, तेव्हा घरी टीव्ही चालू ठेवून सराव करा. आपल्याकडे भरभर बोलण्याची सवय असते, ती तिथं घातक. आणि नवरा किंवा बायको सोबत येणार असेल तर त्यांचंही किमान इंग्रजी दाखवावं लागतं, पूर्ण डिग्री इंग्रजी माध्यमातून झाल्याचं कॉलेजचं पत्र त्याला चालू शकतं, ते पत्र नसेल आणि परीक्षाही दिली नसेल तर त्या एका माणसामागे काही हजार डॉलर जादा भरावे लागतात. एक पत्र हो, आणून ठेवा.

स्किल असेसमेंट हा खरा किल्ला आहे. आयटीवाल्यांचं एसीएस (ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी) करतं, इंजिनिअरांचं इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, शिक्षकांचं एआयटीएसएल, बऱ्याच इतर कामांचं व्हेटअसेस. एसीएस तुमच्या अनुभवातली पहिली काही वर्षं कापतं, डिग्री आणि काम जुळत असेल तर साधारण दोन, नसेल तर चार किंवा जास्त. म्हणजे मेकॅनिकल करून हिंजवडीत कोडिंग करणाऱ्यांनी (निम्मं हिंजवडी तेच आहे) आठ वर्षांच्या अनुभवाचे आठ धरूच नयेत. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाला आपल्याकडच्या बऱ्याच जणांना सीडीआर, म्हणजे आपल्या कौशल्याचा लेखी अहवाल, लिहून द्यावा लागतो, त्यात स्वतः केलेल्या कामावर तीन करिअर एपिसोड असतात. ते विकत मिळतात, घेऊ नका, कॉपी पकडली जाते आणि मग बंदी बसते.

चाकण-पिंपरीच्या ऑटोवाल्यांसाठी एक वेगळं सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात मोटारी बनवणं जवळपास संपलंय, फोर्डने २०१६ मधे आणि टोयोटा-होल्डनने २०१७ मधे तिथले कारखाने बंद केले. तुमचं असेसमेंट पॉझिटिव्ह येईल, पीआरही येईल, पण बॉडी शॉपचा अनुभव घेऊन तिथं कुठल्या दारात उभं राहणार? खाणी, रेल्वे, मेंटेनन्स, डिफेन्स (तिथं बऱ्याच जागांना नागरिकत्व मागतात हेही बघा) अशा कामांशी आपला अनुभव कुठे जुळतो ते निघायच्या आधी शोधा, आणि रेझ्युमे त्या दिशेने लिहा.

आता पुण्यातले कागद. सगळ्यात जास्त वेळ इथं जातो.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून काढायची, मार्कशीट सगळ्या सेमिस्टरच्या आधी जमवा, एखादी हरवली असेल तर डुप्लिकेटला वेळ लागतो. २०१४ च्या आधीची डिग्री असेल तर तिच्यावर पुणे विद्यापीठ छापलंय आणि ट्रान्सक्रिप्टवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येतं, अर्जात एका ओळीत लिहा की नाव २०१४ मधे बदललं, म्हणजे तिकडच्या माणसाला ही दोन विद्यापीठं वाटणार नाहीत.

नावांचा घोळ तर आपल्या घराघरात आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. बायकांचं लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काहींचं पहिलं नावही बदललेलं असतं, आणि आधारवर अजून तिसरंच. सगळं एकसारखं करत बसायची गरज नाही, पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याला जोडणारा पुरावा ठेवा, म्हणजे मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेट, नाहीतर नोटरीकडून वन अँड द सेम अॅफिडेव्हिट. पालिकेचा जुना जन्मदाखला काढून बघा, कित्येकांच्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं.

कंपनीचं पत्र. एचआर छापील पत्र देतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, हुद्दा हा, संपलं. त्यावर भागत नाही, नेमकं काय काम करत होता ते लेटरहेडवर हवं. मोठ्या कंपन्या देत नाहीत, तेव्हा मॅनेजर किंवा सीनियरकडून अॅफिडेव्हिट घ्यायचं आणि सोबत फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, पीएफचं पासबुक. जुन्या मॅनेजरशी भांडून निघाला असाल तर आता चहा पाजा. राजीनामा द्यायच्या आत हे सगळं करा, नंतर कोणी फोन उचलत नाही.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवामधून, आपल्याकडे मुंढव्याचं केंद्र. गेल्या दहा वर्षांत जिथं जिथं एकूण बारा महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा लागतो, म्हणजे अमेरिकेत ऑनसाइट होता तर एफबीआयचा, बोटांच्या ठशांसकट. मेडिकल फक्त त्यांच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरांकडे, फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. दोन्हींची मुदत साधारण वर्षभर, म्हणून उगाच आधी काढून ठेवू नका.

हे झालं की स्किलसिलेक्ट या तिथल्या सरकारी पोर्टलवर ईओआय, म्हणजे इच्छा कळवणारा पहिला अर्ज, टाकायचा. तो फुकट असतो, दोन वर्षं जिवंत राहतो. इन्व्हिटेशन आलं की ६० दिवसांत व्हिसाचा अर्ज, म्हणून कागद आधी म्हणते. फी मुख्य अर्जदाराला पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, जोडीदाराला त्याच्या निम्मी, मुलाला पाव, आणि जुलैत बहुतेक वाढते. व्हिसा नाकारला तर परत मिळत नाही.

एजंट लावायचा का? साधी केस असेल तर गरज नाही असं माझं मत आहे, तसेही कागद तुम्हीच जमवणार, तो फक्त अपलोड करणार. केस गुंतागुंतीची असेल तर ओमाराच्या (मायग्रेशन एजंटांची नोंद ठेवणारी तिथली सरकारी संस्था) रजिस्टरमधे ज्याचा नंबर आहे असाच एजंट घ्या, तो नंबर साइटवर स्वतः तपासा. पुण्यात एसी ऑफिस थाटून, कांगारूचं पोस्टर लावून बसलेल्या सगळ्यांकडे तो असतोच असं नाही. "गॅरंटीड पीआर", "अनुभव आम्ही दाखवतो" असं ऐकलं की उठा. खोटा कागद सापडला तर तीन वर्षं बंदी, ओळखीतच फसवणूक असेल तर दहा, आणि ती एजंटवर नाही, तुमच्यावर.

फी भरायच्या आधी आई-बाबांबद्दल एकदा नीट बसून बोला. लोक समजतात की आपण गेलो की दोन वर्षांत त्यांना बोलवून घेऊ. तिथला कॉन्ट्रिब्युटरी पेरेंट व्हिसा माणशी जवळपास पन्नास हजार डॉलर आणि नव्या अर्जाला दहा वर्षांहून जास्त थांबायचं, स्वस्तातला आहे त्याची रांग तीस वर्षांच्या आसपास. शिवाय बॅलन्स ऑफ फॅमिली टेस्ट, म्हणजे निदान निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात हवीत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथं जास्त. दोन भावंडं, एक पुण्यात एक तिकडे, तर जमतं. तिघांतला एकच गेला आणि दोघं इथंच, तर नाही. राहिला व्हिजिटर व्हिसा, किंवा ८७० नंबरचा तात्पुरता, तीन किंवा पाच वर्षांचा आणि सगळा मिळून दहाच वर्षं. तेव्हा इकडे कोण बघणार, औषधपाणी, लिफ्ट असलेला फ्लॅट, मेडिक्लेम, हे आत्ताच ठरवा, आणि पुण्यात राहणाऱ्या बहीण-भावाला विचारून ठरवा, त्यांना गृहीत धरून नको.

पैशांचं. कायमचं निघालात की बँकेचं सेव्हिंग खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या, साधं खातं तसंच चालवणं नियमात बसत नाही. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. नेताना एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत, मोठी रक्कम असेल तर टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापतात, तो रिटर्नमधे मिळतो. फ्लॅट विकायचा असेल तर शक्यतो निघायच्या आधी विका, नंतर एनआरआय म्हणून विकलात तर खरेदीदाराला नुसत्या फायद्यावर नाही, पूर्ण किमतीवर टीडीएस कापावा लागतो, तो कमी करायला आयकर खात्याचं सर्टिफिकेट आणावं लागतं. ठेवणार असाल तर मुखत्यारपत्र सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करून जा. आणि गावाकडची जमीन: एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळालेली ठेवता येते. सात-बारावर वारस म्हणून नाव लागायचं राहिलं असेल तर त्यासाठी एक सुट्टी टाकून तलाठ्याकडे जाऊनच या.

सामान बांधताना दात आणि चष्मा. म्हणजे दातांची आणि चष्म्याची सगळी कामं इथं उरकून घ्या, मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य योजनेत मोठ्यांच्या दातांचा खर्च जवळपास धरतच नाहीत. मिक्सर चालतो, व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त पिन वेगळी. कुकरच्या जादा गास्केट घ्या. खाण्याचं जे काही असेल ते उतरताना कार्डवर डिक्लेअर करा, मेतकूट असो की गोडा मसाला. पेढे, खवा, ताजा कढीपत्ता नेऊच नका. सांगितलं तर फार तर काढून घेतात, लपवलं आणि सापडलं तर दंड हजारांत, डॉलरमधे. आईला हे पटवायला वेळ लागतो, लवकर सुरू करा.

शाळेचं वर्ष तिकडे जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, म्हणून मुलं असतील तर डिसेंबर-जानेवारीत पोचणं सगळ्यात सोयीचं. एलसी आणि लसीकरणाचं कार्ड हँडबॅगमधे, कार्डावर डॉक्टरांचे शिक्के नीट आहेत ना बघा, तिथं ती सगळी नोंद रजिस्टरमधे चढवावी लागते. सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते, तेव्हा घराआधी शाळेचा झोन बघा. भाडं आठवड्याचं सांगतात, महिन्याचं समजून खूश होऊ नका. बॉन्ड, म्हणजे डिपॉझिट, बहुतेक चार आठवड्यांचा, आणि तिथलं जुनं भाड्याचं रेकॉर्ड तुमच्याकडे नसणार, मग बँकेतली शिल्लक आणि नोकरी असेल तर तिचं पत्र दाखवायचं.

पहिल्या आठवड्यात टॅक्स फाइल नंबर (फुकट, साइटवरून), मेडिकेअर, बँक. लायसन्सचा नियम राज्याप्रमाणे वेगळा, इथून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, पण त्यावर वर्षभर विसंबू नका, पीआरवाल्यांना बहुतेक राज्यांत तीन ते सहा महिन्यांतच तिथलं लायसन्स काढावं लागतं. नोकरी लागायला काही महिने धरा आणि तेवढा खर्च गाठीला ठेवा, कारण पीआर असला तरी नव्याने आलेल्यांना बेकारी भत्ता चार वर्षं मिळत नाही. मुलाखतीत सर-मॅडम करू नका, बॉसलासुद्धा पहिल्या नावानेच हाक मारतात. दुकानं संध्याकाळी पाच-साडेपाचला बंद होतात, पुणेकरांना त्याचं काही वाटणार नाही म्हणा. सिडनीत असाल तर पॅरामाटा, हॅरिस पार्क, वेस्टमीड, मेलबर्नला टार्निट, पॉइंट कुक या बाजूला आपली माणसं भरपूर, आणि मराठी मंडळंही आहेत, पहिली खोली मिळवायला गणपतीची वाट न बघता त्यांना इथूनच मेल टाका.