कोल्हापूर ते तिरुपती: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढावा

'तिरुपती विमानानं किती लांब?' असं विचारलं की कोणीतरी हमखास कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेसचे किलोमीटर सांगतो. ती गाडी मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल असा फेरा मारत तिरुपतीजवळच्या रेणिगुंट्याला पोचते. विमानाचं गुंतकलला काय काम? रुळांचे आणि रस्त्याचे आकडे बाजूला ठेवा.

शहरांचे नकोत, विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. आपला कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ १६°४०′ उत्तर, ७४°१७′ पूर्व. तिरुपतीचा विमानतळ रेणिगुंट्याजवळ, १३°३८′ उत्तर, ७९°३३′ पूर्व.

आता ठेच लागायची जागा. १६°४०′ म्हणजे १६.४० नव्हे! एका अंशाची मिनिटं साठ. म्हणून ४० भागिले ६०, आणि उत्तर १६.६७. वाचायला सोपं वाटतं. मला यात अख्खी संध्याकाळ गेली होती. पहिल्यांदा कोल्हापूर-मुंबई काढलं तेव्हा ३४२ किलोमीटर आले, खरं अंतर ३०७. सूत्र तपासलं, कॅल्क्युलेटर बदलला, तरी तेच. शेवटी नकाशात १६.४० टाकलं, तर विमानतळ निपाणीच्या आडव्या रेषेवर जाऊन बसलेला.

त्याहून वाईट म्हणजे ही चूक दरवेळी दिसत नाही. तिरुपतीच्या हिशेबात तीच चूक केली तर ६४६ येतात, खऱ्यापेक्षा जेमतेम अकरा कमी. माणूस खूश होऊन आकडा सगळ्यांना सांगत सुटतो. म्हणून आधी दशांशात बदला, मगच वजाबाकी करा. मिनिटांसकट वजा करायला गेलात की हातचा साठचा घ्यायचा हे विसरून शंभरचा घेतलाच म्हणून समजा. आणि मोबाइलचा नकाशा मुळातच दशांशात आकडे देत असेल तर पुन्हा साठानं भागायचा आगाऊपणा नको.

पुढचं सरळ आहे. अक्षांशांतला फरक ३.०४, अंशाला १११ किलोमीटर धरून ३३७. रेखांशांतला फरक ५.२७, पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे इथे अंशाला १०७ धरा (दोन्ही अक्षांशांचा मध्य साधारण १५ अंश, म्हणून १११ गुणिले १५ अंशांचा कोसाइन): ५६४. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. ६५७ किलोमीटर, म्हणजे ३५५ सागरी मैल. एवढ्या अंतराला पृथ्वीच्या गोलाईचं मोठं गणित मांडायची गरज नाही.

वेळ काढताना नुसतं अंतर भागिले वेग करू नका. विमान धावपट्टीपर्यंत रांगत जातं, वर चढतं, खाली उतरतं. त्याची पंचवीस-तीस मिनिटं वेगळी मिळवा. पंख्याचं एटीआर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं: ७९ मिनिटं अधिक ही भर, म्हणजे पावणेदोन तास. छोटं जेट ८०० नं गेलं तर ४९ मिनिटं अधिक भर, साधारण सव्वा तास. म्हणजे कोणतं विमान आहे हे न विचारता 'किती वेळ लागतो' विचारण्यात अर्थ नाही. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी बघा.

तिकिटावर याहून दहा मिनिटं जास्त दिसली तर तुमचं गणित चुकलं असं समजू नका. ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते, आणि कंपन्या त्यात थोडी सैल जागा ठेवतात.