ट्रान्समीटर लॅपटॉपवरून सेट करताय? आधी वाचून घ्या, मग लिहा

गोव्यात वेर्णा, कुंडई, पिसुर्लेच्या कारखान्यांत जी नवीन पोरं इन्स्ट्रुमेंटेशनला लागतात त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, हँडहेल्ड कम्युनिकेटर (सेटिंग करायचं हातातलं यंत्र) दुसऱ्या शिफ्टकडे आहे तर हार्टचा ट्रान्समीटर उघडायचा कसा. ट्रान्समीटर म्हणजे प्रेशरसारखी गोष्ट मोजून आकडा कंट्रोल रूमला पाठवणारं इन्स्ट्रुमेंट, आणि हार्ट म्हणजे त्याच्याशी बोलायची डिजिटल भाषा. लॅपटॉप आणि यूएसबीवाला हार्ट मॉडेम असला तरी काम होतं, आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर, पॅक्टवेअर, फुकट मिळतं.

पण पॅक्टवेअर म्हणजे नुसती चौकट, प्रिंटरला जसा ड्रायव्हर लागतो तसा प्रत्येक इन्स्ट्रुमेंटला त्याच्या कंपनीचा डीटीएम (डिव्हाइस टाइप मॅनेजर) लागतो. तो आधीच टाकून ठेवा, कारण इन्स्टॉल करायला ॲडमिन पासवर्ड लागतो आणि रात्रपाळीला आयटीवाला कुठे शोधणार. टाकल्यावर डिव्हाइस कॅटलॉग अपडेट करायला विसरू नका, नाहीतर डीटीएम असूनही लिस्टमध्ये दिसत नाही.

आता जोडणी, इथेच निम्मे लोक अडकतात. हार्टचा सिग्नल त्याच ४ ते २० मिलीअँपच्या दोन वायरींवर चढून येतो, आणि २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय त्याला जवळजवळ शॉर्ट करून टाकतो, म्हणून लूपमध्ये, म्हणजे सप्लाय, ट्रान्समीटर आणि कार्ड मिळून होणाऱ्या सर्किटमध्ये, निदान २५० ओहम रेझिस्टन्स पाहिजेच. पीएलसीच्या (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) कार्डात तेवढा नसेल तर सिरीजमध्ये रेझिस्टर घाला आणि मॉडेमच्या क्लिपा त्या रेझिस्टरवर किंवा ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर लावा, सप्लायवर नाही. रेझिस्टरवर मल्टीमीटर धरला की ४ मिलीअँपला १ व्होल्ट, २० ला ५ व्होल्ट दिसतो, लूप जिवंत आहे हे तिथेच कळतं. सॉल्व्हंटवाल्या एरियात लॅपटॉप नेऊच नका, ठिणगीने पेट घेऊ शकतो, कंट्रोल रूमच्या पॅनलमधून जोडा, मधला आयसोलेटर (दोन्ही बाजूंची सर्किटं वेगळी ठेवणारा मॉड्यूल) हार्ट पास करणारा असला म्हणजे झालं.

मग पॅक्टवेअरमध्ये होस्ट पीसीवर राइट क्लिक करून हार्ट कम्युनिकेशनचा डीटीएम ॲड करा, त्यात कॉम पोर्ट निवडा (यूएसबीचं भोक बदललं तर बहुतेक वेळा नंबर बदलतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा), खाली इन्स्ट्रुमेंट ॲड करा, कनेक्ट करा. पावसाळ्यात कनेक्ट होत नसेल तर सॉफ्टवेअरशी झटापट करण्याआधी जंक्शन बॉक्स उघडा. आपल्याकडे जूनपासून ग्लँडमधून (केबल आत जाते त्या जागेतून) पाणी शिरतं, टर्मिनलवर हिरवट थर येतो, मी कित्येकदा तेवढंच साफ केलंय आणि लगेच कम्युनिकेशन आलंय.

कनेक्ट झालं की पहिलं काम 'लोड फ्रॉम डिव्हाइस', म्हणजे इन्स्ट्रुमेंटमध्ये जे आहे ते लॅपटॉपमध्ये येतं, आणि ती फाइल टॅग नंबरने (प्लांटमधल्या त्या इन्स्ट्रुमेंटच्या नंबरने) सेव्ह करा. हे मी कळवळून सांगतोय कारण एका प्लांटमध्ये माझ्यासमोर एका मुलाने लोड न करताच 'स्टोअर टू डिव्हाइस' दाबलं, डीटीएममधल्या डीफॉल्ट व्हॅल्यू सरळ ट्रान्समीटरमध्ये गेल्या, जुनी रेंज कुठेच लिहिलेली नव्हती आणि ती शोधायला आमची सगळी रात्र गेली. ट्रान्समीटर बंद पडला असता तर निदान अलार्म तरी आला असता, इथे आकडा येत राहतो आणि तो चुकीचा असतो. समजा ट्रान्समीटर ० ते ६ बार झाला आणि पीएलसीत स्केलिंग (मिलीअँपचे बार करायचा हिशेब) ० ते १० च राहिलं, तर लाइनमध्ये ३ बार असताना १२ मिलीअँप जातात आणि ऑपरेटरला दिसतात ५ बार.

म्हणून लिहायच्या आधी ऑपरेटरला सांगून लूप मॅन्युअलला घ्या, इंटरलॉक (आकडा हद्दीबाहेर गेला की आपोआप प्लांट थांबवणारी सुरक्षा) असेल तर परमिट घेऊन बायपास, म्हणजे तात्पुरता बाजूला. रेंज, युनिट, डॅम्पिंग (आकड्याची थरथर कमी करायची सेटिंग) बदला, स्टोअर करा. शेवटी लूप टेस्टमधून ४, १२, २० मिलीअँप सोडा आणि प्रत्येक वेळी स्क्रीनवर काय दिसतं ते ऑपरेटरकडून वॉकीटॉकीवर ऐका, १२ ला बरोब्बर रेंजचा मध्य आला पाहिजे. सिम्युलेशन बंद करा, खरी व्हॅल्यू परत आली हे बघा, मगच लूप ऑटोला द्या आणि बायपास काढा.