सॉफ्ट स्टार्टरच्या पॅनलमध्ये आयसोलेटर आणि कॉन्टॅक्टर कोणते घ्यावेत?

भोसरी-चाकणच्या पॅनल शॉपमध्ये आयटीआय करून आलेल्या मुलांना डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा स्टार्टर) आणि स्टार-डेल्टा (दोन टप्प्यांत सुरू करणारा) पाठ असतात. तिथे कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) सुटला की लाइन खरोखर तुटते. सॉफ्ट स्टार्टरचं, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवून मोटर सुरू करणाऱ्या स्टार्टरचं, तसं नाही. आतले एससीआर (इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद असले तरी थोडा लीकेज करंट जातोच. मोटरच्या केबल सोडून आउटपुटला मल्टिमीटर लावलात तर स्टॉपमध्येही जवळपास पूर्ण व्होल्टेज दिसू शकतं. स्टार्टर ठीकच असतो. शिवाय एससीआर उडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो, त्यामुळे नुसतं स्टॉप दाबून मोटरचा टर्मिनल बॉक्स कधीही उघडू नका.

म्हणून सगळ्यात आधी आयसोलेटर: ऑफमध्ये कुलूप लागणारा स्विच फ्यूज किंवा आयसोलेशनसाठी (लाइन पूर्ण तोडून ठेवण्यासाठी) चालणारा एमसीसीबी, म्हणजे मोठा सर्किट ब्रेकर. साध्या स्विचने मोटरचा लोड तोडायची वेळ येणार असेल तर एसी-२३ए रेटिंग बघून घ्या.

त्याखाली मेन कॉन्टॅक्टर. ३० किलोवॅट, ४१५ व्होल्टच्या मोटरला साधारण ५५ अँपिअर लागतात. एसी-३ (मोटरच्या लोडची श्रेणी) मध्ये ६५ अँपिअरचा घ्या. एरवी स्टार्टर आधी करंट शून्यावर आणतो आणि कॉन्टॅक्टर रिकामाच सुटतो, म्हणून एसी-१ (हीटरसारख्या सौम्य लोडची श्रेणी) सुचवणारे भेटतील. पण इमर्जन्सी स्टॉप दाबला की चालता लोड त्यालाच तोडावा लागतो. तिथे पैसे वाचवू नयेत. नेहमीचं स्टॉप बटण मात्र थेट या कॉइलवर घेऊ नका. सॉफ्ट स्टॉप (मोटर हळूहळू थांबणं) होणारच नाही आणि पंप असेल तर पाइपलाइनला दणका बसेल. कॉइल स्टार्टरच्या रन रिलेवरून (स्टार्टपासून सॉफ्ट स्टॉप संपेपर्यंत ओढलेला राहणारा रिले) चालवा.

बायपास म्हणजे मोटर पूर्ण वेगात आल्यावर करंट एससीआरला वळसा घालून नेणारा कॉन्टॅक्टर. त्याची गरज एससीआरच्या उष्णतेमुळे. तिन्ही फेज धरून अँपिअरमागे सुमारे ३ वॉट, म्हणजे ५५ अँपिअरला १६५ वॉट, तेही बंद पॅनलमध्ये, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये! सुरुवातीचा करंट एससीआर झेलतात, त्यामुळे इथे एसी-१ पुरतो. स्टार्टर बंद पडल्यावर बायपासवरूनच डीओएल चालवायचा विचार असेल तर मात्र एसी-३. अनेक मॉडेलमध्ये बायपास आतच असतो, तेव्हा खरेदीआधी कॅटलॉग बघा.

बाहेरच्या बायपासला फेज अदलाबदल झाली तर तो ओढताक्षणी फेज-टू-फेज शॉर्ट होतो. सप्लाय देण्याआधी आयसोलेटर ऑफ करा, मोटरच्या केबल सोडा, बायपास कॉन्टॅक्टर हाताने दाबून धरा आणि स्टार्टरच्या इनपुट-आउटपुटमध्ये मल्टिमीटरचा बझर लावा: आर-यू, वाय-व्ही, बी-डब्ल्यू याच जोड्या वाजल्या पाहिजेत. बायपाससाठी वेगळे टर्मिनल दिले असतील तर तेच वापरा, नाहीतर करंट आतल्या सीटीला (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला) चुकवून जातो आणि ओव्हरलोड कधीच ट्रिप होत नाही.

पॉवर फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर स्टार्टरच्या आउटपुटला कधीच नाही. लाइनच्या बाजूला, स्वतःच्या कॉन्टॅक्टरवर, बायपास लागल्यानंतरच.