जमातीचं बैतुलमाल कसं चालवावं

बैतुलमाल म्हणजे जमातीचा, गावातल्या मुस्लिम समाजाचा, गरजू घरांसाठीचा निधी. त्यासाठी सगळ्यात आधी दोनशे पानी लांब वही आणा आणि तिच्यात घरांची नावं लिहू नका, नंबर घाला. कोणत्या नंबराचं घर कोणतं, हे आमच्या जमातीत तिघांनाच माहीत असतं: खजिनदार, मौलाना आणि मी. आमचं गाव खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. मी बावीस वर्षं उर्दू शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा जमातीने बैतुलमालची वही माझ्या हातात दिली. आता शेजारच्या दोन गावांतून निरोप आलाय, "टीचर, आम्हालाही सुरू करायचंय, कसं करायचं ते सांगा." त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

वहीचं एक पान म्हणजे एक घर. वरच्या भागात माणसं किती, रेशनकार्ड पिवळं की केशरी, कमावतं कोण, औषधं कोणाला चालू आहेत. खालच्या भागात मुलं: शाळा कुठली, इयत्ता कुठली, मकतबात (मुलांच्या धार्मिक शिकवणीत) अजून कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) चाललाय की नाजरा (कुरआन बघून वाचणं) सुरू झाला. या दोन गोष्टींच्या दोन वह्या करू नका. पूर्वी आमच्याकडे रेशनची यादी तरुण मंडळाकडे असायची, फीची यादी शाळा कमिटीकडे आणि मकतबची हजेरी मौलानांकडे. एका घरी दर महिन्याला तांदूळ, डाळ, तेल जात होतं आणि त्याच घरातली आठवीतली मुलगी दिवाळीच्या सुट्टीपासून घरी बसली होती. हायस्कूल नऊ किलोमीटरवर, रोजच्या एस.टी.ला पैसे कुठून आणायचे म्हणून आईने थांबवलेली. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट मिळतो, हे त्या माउलीला कोणी सांगितलंच नव्हतं. शाळेचा सही-शिक्का घेऊन मी स्वतः तिच्याबरोबर आगारात गेले आणि पास काढून दिला. तांदूळ नेऊन देणारा मुलगा तीन महिने त्या दारात उभा राहून परत येत होता, आणि ती पोर आतच भांडी घासत होती. त्या दिवसापासून आमची वही एक झाली.

म्हणून सामान पोचवायला बायांना पाठवा, दोघी-दोघींना. दारातून फिरायचं नाही. बसायचं, पाणी प्यायचं, मग मुलाला म्हणायचं, बाळा तुझी गणिताची वही आण बघू. शेवटच्या लिहिलेल्या पानावरची तारीख बघा. आज वीस तारीख आणि वहीत शेवटची तारीख तीन असली, की मूल शाळेत जात नाही हे आईला न विचारता कळतं. मग आईला दोष न देता कारण काढा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: चप्पल तुटलेली, धाकटं भावंडं सांभाळायला कोणी नाही, नाहीतर वर्गात कोणी चिडवतंय.

एक ठराव मात्र कधी होऊ देऊ नका. मूल शाळेत नाही तर रेशन बंद, असं आमच्या सभेत एकदा आलं होतं. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता. तरी मी उभी राहून विरोध केला आणि अजून त्यावर ठाम आहे. भुकेवर अट घालायची नसते. ज्या घरात बाप दारू पितो त्या घरातलं मूलच शाळेतून आधी गळतं, आणि त्यालाच उपाशी ठेवायचं का?

आता पैशाचं. जकात (बचतीवरचं बंधनकारक दान), फित्रा (ईदआधी माणशी काढायचं दान) आणि लिल्लाह (ऐच्छिक दान) यांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. कुरआनातल्या सूरह तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितलेत, त्यात फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब-गरजू, सगळ्यात आधी. जकातीचा पैसा गरजूच्या मालकीचा व्हावा लागतो. त्यातून मकतबची खोली बांधायची नाही, मौलानांचा पगार द्यायचा नाही, वीजबिल भरायचं नाही. तो खर्च लिल्लाहमधून आणि घरटी वर्गणीतून. मुलाची फी जकातीतून द्यायची असेल तर पैसे आईच्या किंवा बापाच्या हातात द्या, सही घ्या, आणि त्यांनाच शाळेत भरायला लावा. पावती नंतर वहीत चिकटवा. बारीकसारीक मसल्यासाठी (धार्मिक नियमाच्या प्रश्नासाठी) तुमच्या मौलानांना विचारा, कारण कोकणात आपण बहुतेक शाफई असलो तरी घाटावरून आलेली हनफी घरंही गावोगाव आहेत, आणि या दोन परंपरांचे नियम काही ठिकाणी वेगळे आहेत. फित्र्यातही हा फरक दिसतो. आमच्याकडे माणशी एक साअ (धान्याचं जुनं माप) तांदूळच काढतात, आणि तो ईदच्या नमाजच्या आत घरोघर पोचलेला असला पाहिजे. आदल्या रात्री चंद्र दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा रमजानच्या शेवटच्या अशऱ्यातच (शेवटच्या दहा दिवसांत) पिशव्या भरून ठेवा.

देणाऱ्यांनाही हिशेब समजावून सांगावा लागतो. अडीच टक्के सगळ्यांना पाठ असतं, लाखाला अडीच हजार. पण निसाब, म्हणजे किती मालमत्तेपासून जकात लागू होते तो आकडा, विचारला की लोक गप्प होतात. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे, म्हणजे 612 ग्रॅमच्या आसपास, चांदी, हे फळ्यावर लिहून लावा. कर्ज वजा करायचं की नाही, वापरातल्या दागिन्यांवर जकात आहे की नाही, यावर शाफई आणि हनफी मतं वेगळी आहेत. तिथे आपण निकाल देत बसू नये.

आमच्या गावातले निम्मे पुरुष कुवेत, दुबई, दोहा इथे. त्यांच्याकडून येणाऱ्या पैशाबद्दल नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्टवर असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो तेव्हा ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्यांनी इंग्लंडचं किंवा दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व घेतलंय, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलं तरी ती विदेशी देणगी होते, आणि विदेशी देणगीची सरकारी परवानगी नसेल तर घेता येत नाही. केपटाऊनचे आपले भाऊबंद मनापासून पाठवायला तयार असतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्या. आमच्याकडे तो राहून गेला आणि बँकेतली सही बदलायला पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मी घरखर्चातून सामान आणलं.

दुसरी अडचण वर्षाची. सरकारी हिशेब 31 मार्चला मिटतो, जकात येते रमजानमध्ये, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 सालात तर तो दोनदा येणार आहे, जानेवारीत आणि डिसेंबरात. खर्चाचा डोंगर मात्र जूनमध्येच उभा राहतो. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत पुस्तकं फुकट मिळतात, नववीपासून सगळं विकत. म्हणून नववीत जाणाऱ्या मुलांची नावं शाबानमध्येच (रमजानच्या आधीच्या महिन्यात) काढा आणि देणाऱ्यांना आकडा सांगा. "गरिबांसाठी द्या" म्हटल्यावर शंभराची नोट येते. "सात मुलं नववीत जाणार आहेत, पुस्तकं-वह्या-गणवेश मिळून इतके लागतात" म्हटलं की एकेक जण एकेक मूल उचलतो.

वाटपाचे फोटो काढू नका. हे मी कळकळीने सांगते. एका वर्षी आमच्या पोरांनी मशिदीच्या अंगणात बॅनर लावला, रांग लावली, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. रांगेत एक विधवा बेन होती, ओढणी तोंडावर ओढून, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. तो फोटो तिच्या मुलाने वर्गमित्राच्या मोबाइलवर पाहिला. पुढच्या वर्षी ती आली नाही. मी घरी गेले तर म्हणाली, "टीचर, आमचं भागतंय." चुलीवर नुसती पेज होती. सूरह बकरात उघड देणं चांगलं म्हटलंय, पण गरिबांना झाकून देणं त्याहून चांगलं म्हटलंय. आता आम्ही अंधार पडल्यावर पोचवतो. तिच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तहसीलदार कचेरीत भरला. सरकारी हक्काचं आधी मिळवून द्या, बैतुलमाल त्याच्यावर.

मकतबची वेळ शाळेकडे बघून ठरवा. आमचं सात ते साडेआठ. बसने जाणाऱ्या मुलांना सव्वाआठला सोडतो, आणि दहावीच्या मुलांना जानेवारीपासून सकाळची सूट देतो. त्याच खोलीत, त्याच चटईवर, असरनंतर (दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतर) गणित आणि इंग्रजीचा वर्ग. गणित मी घेते, इंग्रजी गावातली डी.एड. झालेली मुलगी. तिला मानधन लिल्लाहमधून, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. मौलानांनी जुम्याच्या बयानात (शुक्रवारच्या प्रवचनात) दोनदा सांगितलं की संध्याकाळचा वर्गही इल्मच, म्हणजे ज्ञानच, आहे, त्यानंतर मुलींची संख्या वाढली.

हिफ्झसाठी (कुरआन पाठ करण्यासाठी) बाहेरगावी गेलेल्या मुलांना विसरू नका. हाफिज होऊन सोळाव्या-सतराव्या वर्षी परत येतात तेव्हा शाळा सुटलेली असते. त्यांच्यासाठी दहावीच्या खाजगी परीक्षेचा 17 नंबरचा फॉर्म असतो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून मूल मदरशात पाठवतानाच तो काढून वहीच्या त्या पानाला टाचून ठेवा. आमच्या वहीत सध्या असे चार दाखले आहेत.