अनुताई वाघ यांचे जीवन मुलांना कसे सांगावे

अनुताईंची गोष्ट जन्मापासून सांगू नये; बालविधवा झालेल्या आणि शिक्षणासाठी झगडलेल्या अनुताई १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी गावी ताराबाई मोडक यांच्या ग्रामबालशिक्षणाच्या कामात आल्या, तिथून सुरुवात करावी. पुरस्कारांचा उल्लेख एका वाक्यात आटोपावा. खरा वेळ बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पुढे केलेल्या कामाला द्यावा. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे राखणाऱ्यांसाठी थेट कुरणात कशी गेली, हे सांगताना ऐकणाऱ्या मुलांच्या ओंजळीत चिंचोके, खडे, शिंपले द्यावेत आणि त्यांच्याकडून दहा-दहाच्या राशी मांडून घ्याव्यात, कारण परिसरात मिळणाऱ्या अशाच वस्तू तिथे शिकवण्याची साधने झाल्या. चिंचोके आदल्या दिवशी धुऊन वाळवावेत. अगदी लहान मुलांना मात्र मोठे शिंपलेच द्यावेत.