गाभण कालवडी विकत घेण्यापूर्वी: विण्याच्या हंगामाआधीचा सल्ला

विण्याचा हंगाम जवळ येऊ लागला की वयस्क, वारंवार उलटणाऱ्या (रेतन करूनही गाभ न धरता पुन्हा माजावर येणाऱ्या) किंवा कास बिघडलेल्या गाईंच्या जागी नवी जनावरे कोठून आणायची, याचा विचार सुरू होतो. आपल्याच गोठ्यातली कालवड वाढवून ती विईपर्यंत साधारण दोन वर्षे चारा, जागा आणि मजुरी गुंतून राहते. गाभण कालवड विकत घेतली तर काही महिन्यांतच दूध आणि वासरू हाती येते. हा फायदा खरा आहे. परंतु या व्यवहारात आपण दोन जनावरांचे पैसे मोजतो आणि त्यांपैकी एकच आपल्याला दिसते. म्हणून कालवडीच्या रूपापेक्षा ती ज्या कळपातून येते त्या कळपाच्या नोंदींना अधिक वजन द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोगांच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण गाभण कालवडीत काही रोग तपासणीतूनही निसटतात. ब्रुसेल्लोसिस म्हणजेच सांसर्गिक गर्भपात याचे ठळक उदाहरण आहे. बाधित गाईच्या पोटी जन्मलेली कालवड वाढीच्या काळात रक्ततपासणीत निर्दोष दिसू शकते आणि पहिल्या वेताच्या सुमारास किंवा गाभ टाकल्यावरच तिचा संसर्ग उघड होतो. तोवर तिच्या वारेतून आणि स्रावांतून जंतू गोठाभर पसरलेले असतात. हा रोग माणसांनाही होतो. वासरी ४ ते ८ महिन्यांची असताना याच रोगावरची एस-१९ लस दिल्याची नोंद असेल तर ती मागून घ्यावी, कारण या लसीमुळे काही जनावरांची रक्ततपासणी पुढेही संशयास्पद येऊ शकते आणि नोंदीशिवाय त्या निकालाचा अर्थ लावणे पशुवैद्यकालाही अवघड जाते.

बोवाइन व्हायरल डायरिया, म्हणजे बीव्हीडी, या गुरांच्या विषाणूजन्य रोगाची गोष्ट आणखी फसवी आहे. कालवड गाभण असताना साधारण ४० ते १२० दिवसांच्या टप्प्यात तिला हा संसर्ग झाला, तर ती स्वतः बरी होते आणि तिच्या रक्तात विषाणू सापडत नाही. पण पोटातले वासरू जगले तर जन्मभर विषाणू पसरवणारे निपजू शकते. अशा कालवडीचा निर्दोष अहवाल खरा असूनही अपुरा ठरतो. त्यामुळे विकत घेतलेल्या प्रत्येक कालवडीचे वासरू जन्मताच त्याच्या कानाच्या तुकड्याची तपासणी करावी आणि निकाल येईपर्यंत त्याला इतर गाभण जनावरांपासून दूर ठेवावे. निओस्पोरा हा गाभ टाकायला लावणारा परजीवी आईकडून वासराकडे पिढ्यान्‌पिढ्या जातो. जोन्स या आतड्याच्या जुनाट रोगाची लागण बहुधा वासरपणीच होते, पण हगवण आणि खंगणे ही लक्षणे काही वर्षांनी दिसतात, आणि कोवळ्या वयातील तपासणी त्याला बरेचदा पकडू शकत नाही. येथे विक्रेत्याच्या कळपाचा इतिहास हाच खरा पुरावा असतो: मागील दोन-तीन वर्षांत किती गाईंनी गाभ टाकला, किती खंगून काढाव्या लागल्या, हे थेट विचारावे. या प्रश्नाला उत्तर टाळणारा विक्रेता आपल्याला पुरेशी माहिती देऊन गेलेला असतो.

दुसरा मुद्दा तारखांचा. गाईचा गर्भकाळ सरासरी २८० ते २८५ दिवसांचा असतो. तोंडी सांगितलेल्या महिन्यांवर विसंबून न राहता, सौद्यापूर्वी आपल्या पशुवैद्यकाकडून गाभण तपासणी करून घ्यावी. सोनोग्राफीने सुमारे ३० दिवसांपासून आणि हाताने तपासून साधारण दोन महिन्यांपासून गर्भ कळतो. मात्र पाचव्या महिन्याच्या आसपास गर्भ पोटात खाली उतरल्याने हाताने काढलेला अंदाज सैल होतो. तपासणीतील वय आणि रेतनाची नोंद यांत एका माजाचा, म्हणजे तीन आठवड्यांचा फरक आढळला तर कालवड उलटली असण्याची आणि नंतर एखाद्या अनोळखी वळूने भरली असण्याची शक्यता धरावी. पहिलारू कालवडीसाठी वळू कोणता, ही बाब किरकोळ नाही. मोठ्या हाडापेराच्या वळूमुळे वासरू अडले तर वासरू, कधी आईही हातची जाते, आणि वाचलेली कालवड पुन्हा माजावर यायला उशीर करते.

वाहतुकीसाठी चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सुरक्षित समजावा. पहिल्या दोन महिन्यांत प्रवासाच्या ताणाने गर्भ जाऊ शकतो आणि शेवटच्या महिन्यात धक्के, गर्दी व दमछाक यांचा त्रास होतो. नवी कालवड विण्यापूर्वी किमान सहा ते आठ आठवडे आपल्याकडे असावी यामागे आणखी एक कारण आहे: आपल्या गोठ्यातील जंतूंविरुद्धची प्रतिकारशक्ती तिच्या चिकात उतरायला तेवढा अवधी लागतो. तसेच गाभणपणाचे शेवटचे आठवडे कडक उन्हाळ्यात येणार असतील तर पुढच्या वेताचे दूध आणि वासराचे वजन दोन्ही घटतात, म्हणून विण्याची तारीख पाहूनच खरेदीचा महिना ठरवावा.

कालवडीचे वजन रेतनाच्या वेळी प्रौढ गाईच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के आणि विताना सुमारे ८५ टक्के असावे. लहान चणीची कालवड अडते. अति चरबी चढलेलीही अडते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चारही सड मोकळे आहेत का, कास एका बाजूला सुजलेली नाही ना, आणि चालताना पाय उचलून टाकते का, एवढे तरी स्वतः पाहावे.

किमतीचा हिशेब करताना पहिल्या वेतावर थांबू नये. पहिलारू गाय अजून स्वतः वाढत असते, दूधही देत असते, त्यामुळे तिचे पुन्हा गाभण राहणे लांबते आणि दुसऱ्या वेतापूर्वीच अनेक जणी कळपातून बाहेर पडतात. म्हणून खरेदीची किंमत, तपासण्या, वाहतूक, विलगीकरण आणि काही जनावरे गमावण्याची शक्यता धरून आलेला आकडा घरच्या कालवडीच्या संगोपनखर्चाशी ताडून पाहावा. कालवड रिकामी निघाली किंवा ठरलेल्या मुदतीपेक्षा फार उशिरा व्याली तर काय, हे लेखी ठरवल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

आणलेली जनावरे किमान ३० दिवस वेगळ्या जागी, वेगळ्या पाण्यावर ठेवावीत आणि त्यांचे काम आपल्या जनावरांनंतर करावे. गोचिडांचा बंदोबस्त याच काळात करावा. गोचीड नसलेल्या भागातून आलेल्या कालवडीला गोचीडतापाची सवय नसल्याने पहिल्या महिन्यांत तिच्या तापावर आणि लघवीच्या रंगावर लक्ष ठेवावे. जुना खुराक एकदम न तोडता दोन आठवड्यांत हळूहळू बदलावा. या कालवडींची विण्याची जागाही शक्यतो वेगळी ठेवावी, वार हातमोजे घालूनच उचलावी आणि चुना टाकून खोल पुरावी. कुणी गाभ टाकलाच तर वार आणि गर्भ पुरण्याआधी पशुवैद्यकाला बोलावून नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत.